‘कोच बदला’ : जामठ्याच्या वाटेवरचा वाद

संघ सलग हरू लागला की चाहत्यांची पहिली मागणी प्रशिक्षक बदलण्याची असते. तिच्यामागे व्यवहाराचे साधे कारण आहे. सगळा संघ एका दिवसात बदलता येत नाही. निवड समिती बंद दाराआड बसते. संघटनेचे पदाधिकारी त्यांच्या निवडणुकीशिवाय हलत नाहीत. राहतो एक माणूस. त्याचे नाव सगळ्यांना ठाऊक असते, त्याचा करार मुदतीचा असतो आणि त्याच्या जागी दुसरा बसवता येतो. त्यामुळे बोट त्याच्याकडे वळते. ही मागणी दर वेळी चुकीची असते असे नाही. पण प्रशिक्षक बदलल्याने नेमके काय बदलते आणि काय जसेच्या तसे राहते, हे फार कमी वेळा तपासले जाते. तपासायला महाराष्ट्रात विदर्भाच्या रणजी संघाइतके चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

नागपूरहून वर्धा रोडने बुटीबोरीकडे निघाले की वाटेत जामठा लागते. विदर्भ क्रिकेट असोसिएशनचे मोठे स्टेडियम इथे आहे. सिव्हिल लाइन्समधल्या जुन्या मैदानावरून मोठे सामने इकडे हलले आणि नोव्हेंबर २००८ मध्ये भारत-ऑस्ट्रेलिया कसोटीने या मैदानावरच्या कसोटी क्रिकेटला सुरुवात झाली. सौरव गांगुलीची ती अखेरची कसोटी. बुटीबोरीच्या एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या कंपनीच्या गाड्या पाळी सुरू होताना आणि सुटताना याच रस्त्याने धावतात. आंतरराष्ट्रीय सामन्याच्या दिवशी त्या गर्दीत अडकतात. रणजी सामना असला तर आत खेळ चालू आहे हे बाहेरून कळतही नाही. प्रेक्षक जेमतेम, स्टँड बहुतेक रिकामे. तरीही संघ हरला की त्याची चर्चा गाडीत आणि चहाच्या टपरीवर होतेच. भारतातल्या राज्य संघांची ही गंमत आहे. सामना पाहणारे थोडे आणि मत असणारे पुष्कळ.

महाराष्ट्र राज्यातून रणजी करंडकात तीन संघ उतरतात: मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. विदर्भाचा संघ १९५७-५८ च्या हंगामात प्रथम खेळला. तोवर मुंबईचा संघ स्पर्धेतला दादा संघ झालेला होता. विदर्भाला करंडक मिळायला साठ वर्षे लागली. मधल्या काळात २००२-०३ पासून स्पर्धा एलिट आणि प्लेट अशा दोन थरांत विभागली गेली, तेव्हा विदर्भाचा मुक्काम बराच काळ खालच्या थरात राहिला. विदर्भाचा पहिला कसोटीपटू उमेश यादव. खाणकामगाराचा हा मुलगा भारताकडून पहिली कसोटी खेळला तो २०११ मध्ये. एवढ्या मोठ्या प्रदेशातून पहिला कसोटीपटू निघायला पाच दशकांहून जास्त काळ जावा, यात सगळे आले.

अशा संघाच्या चाहत्यांमध्ये प्रशिक्षकाविषयीचा वाद ‘चांगला की वाईट’ एवढ्यावर थांबत नाही. तो ‘आपला की बाहेरचा’ या वळणावर जातो. विदर्भात या वळणाला जुनी पार्श्वभूमी आहे. १९५३ च्या नागपूर करारापासून अनुशेष हा शब्द इथल्या बोलण्यात मुरलेला आहे. सिंचनाचा अनुशेष, रस्त्यांचा, नोकऱ्यांचा. त्याच ओळीत क्रिकेटचाही. मग मुंबईकर प्रशिक्षक आला की एक बाजू म्हणते, ज्यांनी जिंकून दाखवले त्यांच्याकडूनच शिकावे. दुसरी बाजू विचारते, आपल्या पोरांना ओळखणारा माणूस नागपुरात, अकोल्यात, अमरावतीत नाही का? पारस म्हांब्रे आणि सुलक्षण कुलकर्णी हे मुंबईचे दोन माजी खेळाडू वेगवेगळ्या वेळी विदर्भाचे प्रशिक्षक होते. म्हणजे २०१७ मध्ये मुंबईचे चंद्रकांत पंडित प्रशिक्षक म्हणून आले तेव्हा मुंबईचा माणूस आणण्याचा प्रयोग नवा नव्हता. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते.

हाच वाद बाहेरून आणलेल्या खेळाडूंविषयीही होतो. भारतीय क्रिकेट नियामक मंडळाच्या नियमानुसार राज्य संघाला बाहेरचे व्यावसायिक खेळाडू मर्यादित संख्येने घेता येतात. विदर्भाने एस. बद्रिनाथ, गणेश सतीश, वसीम जाफर, कर्ण शर्मा आणि अलीकडे करुण नायर, ध्रुव शौरी यांना घेतले. त्यांनी अडवलेली जागा स्थानिक मुलाची, हा एक हिशेब. त्यांच्या शेजारी फलंदाजी करताना स्थानिक मुलगा जे शिकतो ते शिबिरात शिकवता येत नाही, हा दुसरा. दोन्ही हिशेब खरे आहेत, म्हणून हा वाद मिटत नाही.

या वादाचा सगळ्यात तीव्र नमुना पाहायचा तर रग्बी लीगकडे जावे लागते. हा खेळ महाराष्ट्रात जवळजवळ कोणी खेळत नाही, पण कबड्डी पाहणाऱ्याला तो परका वाटणार नाही. तेरा-तेरा खेळाडू असतात. चेंडू घेऊन धावणाऱ्याला पकड करून खाली आणायचे असते. एका संघाला अशा सहा पकडी होईपर्यंत चेंडू ठेवता येतो, मग तो समोरच्याकडे जातो. खेळाचा जन्मही बुटीबोरीसारख्या औद्योगिक वसाहतीतल्या माणसाला लगेच समजेल असा आहे. उत्तर इंग्लंडमधले खेळाडू गिरण्यांत आणि खाणींत कामाला होते. शनिवारी सामन्यासाठी पाळी चुकली की पगार कापला जाई. क्लबांना त्या खाड्याची भरपाई द्यायची होती, पण रग्बीच्या मूळ संघटनेला हौशीपणाचे सोवळे सोडवत नव्हते. ऑगस्ट १८९५ मध्ये हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडचे क्लब वेगळे झाले आणि त्यांतून पुढे रग्बी लीग उभी राहिली. खाड्याच्या पैशांवरून फुटलेला दुसरा मोठा खेळ शोधून सापडणार नाही.

ऑस्ट्रेलियात या खेळाला मोठे वलय आहे. सिडनीचा वेस्ट्स टायगर्स हा क्लब दोन जुन्या क्लबांच्या विलीनीकरणातून निघाला आणि २००० मध्ये पहिला हंगाम खेळला. टिम शीन्स या प्रशिक्षकाच्या हाताखाली त्याने २००५ मध्ये विजेतेपद मिळवले. २०११ नंतर तो बाद फेरीपर्यंत पोहोचलेला नाही. त्या मधल्या काळात प्रशिक्षक येत राहिले आणि जात राहिले. जेसन टेलर यांना २०१७ च्या हंगामाच्या सुरुवातीलाच काढले. इव्हान क्लिअरी आले आणि २०१८ नंतर पेन्रिथ क्लबकडे निघून गेले. मायकेल मॅग्वायर यांना २०२२ च्या मध्यात काढले. २०२३ साठी जुने विजेते शीन्स परत आले आणि वर्षभरात गेले. २०२४ ला २००५ च्या विजेत्या संघातला लाडका खेळाडू बेंजी मार्शल याच्याकडे सूत्रे आली. २०२२, २०२३ आणि २०२४ अशी तीन वर्षे संघ ओळीने तळाला राहिला. तिथे शेवटच्या संघाला ‘लाकडी चमचा’ मिळाला असे चेष्टेने म्हणतात. टायगर्सने तो तीनदा घरी नेला.

गेलेल्या प्रशिक्षकांचे पुढे काय झाले? क्लिअरी यांच्या पेन्रिथने २०२१ ते २०२४ अशी सलग चार विजेतेपदे जिंकली. मॅग्वायर यांनी टायगर्सकडे येण्यापूर्वी साउथ सिडनीला २०१४ मध्ये विजेता केलेच होते, आणि २०२५ मध्ये त्यांच्या हाताखाली ब्रिस्बेनने विजेतेपद मिळवले. तीच माणसे, तोच खेळ, तीच स्पर्धा. क्लब तेवढा वेगळा. चाहत्यांनी ज्यांना अपात्र ठरवले ते शेजारच्या घरात जाऊन यशस्वी झाले, तर दोष माणसात होता की घरात, हा प्रश्न टाळता येत नाही. यातली दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. तिसरा चमचा मिळाल्यावरही क्लबने मार्शल यांना ठेवले आणि पुढच्याच हंगामात त्यांच्याच हाताखाली तळाची जागा सुटली.

ती का सुटली, याचे उत्तर काही अंशी प्रशिक्षणाशी संबंधितच नाही. एक हिशेब करून पाहावा. ताकदीने अगदी सारखे असे ३२ संघ घेतले आणि प्रत्येक सामन्याचा निकाल नाणे उडवून लावला, तर पहिले चारही सामने हरणारे संघ सरासरी दोन निघतील. त्या दोन संघांत कसलाही दोष नाही. तरी त्यांच्या गावी त्या आठवड्यात ‘कोच बदला’ ही मागणी होणारच. समजा दोघांनीही प्रशिक्षक बदलला. पुढच्या चार सामन्यांत ते सरासरी दोन जिंकतील, कारण नाणे तेच आहे. चारपैकी शून्यावरून चारपैकी दोनवर संघ आला, म्हणजे नव्या माणसाने जादू केली असे सगळे म्हणतील. नवा माणूसही ते मनापासून मानेल.

संख्याशास्त्रात याला सरासरीकडे परतणे म्हणतात. कारखान्यात काम केलेल्या माणसाला हे वेगळ्या रूपात ठाऊक असते. एखाद्या पाळीचे उत्पादन एका आठवड्यात फार घसरते, साहेब येऊन झापतो, पुढच्या आठवड्यात आकडा सुधारतो. साहेबाला वाटते, झापल्याने काम झाले. झापले नसते तरी आकडा बहुधा वर आलाच असता, कारण फार वाईट आठवड्यानंतरचा आठवडा सहसा तितका वाईट नसतो. उलटही खरे आहे. विक्रमी आठवड्यानंतर शाबासकी दिली की पुढचा आकडा खाली येतो आणि शाबासकीने माणसे आळशी होतात असा चुकीचा धडा घेतला जातो.

नेदरलँड्सचे अर्थशास्त्रज्ञ बास तेर वील यांनी हाच प्रश्न डच फुटबॉलवर तपासला. १९८६ ते २००४ या काळात तिथल्या अव्वल लीगमधल्या ज्या क्लबांनी हंगामाच्या मध्यात प्रशिक्षक काढला त्यांची तुलना त्यांनी एका खास गटाशी केली. या गटातल्या क्लबांची कामगिरी तशीच घसरली होती, पण त्यांनी प्रशिक्षक ठेवला होता. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की दोन्ही गट घसरणीनंतर सावरले. काढणाऱ्यांचे काढल्यामुळे विशेष भले झाले असे दिसले नाही. म्हणजे बदलानंतर सुधारणा होते हे चाहत्याचे निरीक्षण बरोबर आहे. बदलामुळे सुधारणा होते हा त्याचा निष्कर्ष मात्र टिकत नाही.

क्रिकेटमध्ये तर या निष्कर्षाची जमीन आणखी भुसभुशीत आहे. फुटबॉल किंवा रग्बी लीगमध्ये प्रशिक्षक सामना चालू असताना खेळाडू बदलतो, डाव बदलतो. क्रिकेटमध्ये मैदानावर कर्णधाराचे राज्य असते. गोलंदाजी कोणाला द्यायची, क्षेत्ररक्षण कसे लावायचे, डाव कधी घोषित करायचा, हे ठरवताना प्रशिक्षक सीमारेषेबाहेर बसलेला असतो. संघ निवडतो तोही निवड समितीच्या मदतीने. वर रणजीची साखळी फार आखूड असते. २०१७-१८ मध्ये प्रत्येक संघाला गटात अवघे सहा सामने होते. त्यातला एखादा पावसात किंवा धुक्यात गेला की उरले पाच. पाच सामन्यांवर माणसाची पात्रता ठरवणे म्हणजे पाच दिवसांच्या हजेरीवर कामगाराची वार्षिक वेतनवाढ ठरवण्यासारखे आहे. त्यात गुणांची पद्धतही चाहत्याला फसवते. सामना अनिर्णित राहिला तरी पहिल्या डावात आघाडी घेणाऱ्याला तीन गुण आणि दुसऱ्याला एक गुण मिळतो. त्यामुळे न हरलेला संघही गुणतक्त्यात हरत जाऊ शकतो.

इतके सगळे मानल्यावर विदर्भाचे काय करायचे? कारण विदर्भाने २०१७ मध्ये प्रशिक्षक बदलला आणि पहिल्याच हंगामात करंडक जिंकला.

चंद्रकांत पंडित हे भारताकडून ५ कसोटी आणि ३६ एकदिवसीय सामने खेळलेले यष्टिरक्षक, रमाकांत आचरेकरांच्या तालमीत तयार झालेले. त्यांच्या प्रशिक्षणाखाली मुंबईने २००२-०३, २००३-०४ आणि २०१५-१६ मध्ये रणजी करंडक जिंकला होता. जानेवारी २०१७ मध्ये इंदूरच्या होळकर स्टेडियमवर मुंबई अंतिम सामन्यात गुजरातकडून हरली आणि त्यानंतर मुंबईने नवा प्रशिक्षक नेमला. अंतिम फेरीपर्यंत नेणाऱ्या माणसाला नारळ मिळाला, हे मुंबईच्या रिवाजाला धरूनच झाले. तिथे दुसरा क्रमांक म्हणजे पराभवच. पंडित विदर्भात आले. शिस्तीचा कडक माणूस ही त्यांची ख्याती आधीपासून होती. वेळेवर येणे, तंदुरुस्ती, ड्रेसिंग रूममधली वागणूक यांवर ते काटेकोर.

त्या हंगामात कर्णधार फैज फजलने ९१२ धावा केल्या. उपांत्यपूर्व फेरीत सुरतेला केरळचा मोठा पराभव झाला. उपांत्य सामना कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर कर्नाटकाशी होता. पहिल्या डावात विदर्भ १८५ मध्ये बाद, कर्नाटक ३०१. दुसऱ्या डावात विदर्भाने ३१३ केल्या आणि कर्नाटकापुढे १९८ धावांचे लक्ष्य आले. कर्नाटकाचा डाव १९२ वर संपला. पाच धावांनी विजय. अभियांत्रिकी शिकलेल्या रजनीश गुरबानीने त्या डावात ६८ धावांत ७ बळी घेतले.

अंतिम सामना पुन्हा इंदूरच्या त्याच होळकर स्टेडियमवर झाला. ज्या मैदानावर वर्षभरापूर्वी पंडित हरलेल्या संघासोबत बसले होते, तिथेच. गुरबानीने दिल्लीच्या पहिल्या डावात त्रिक साधले. रणजीच्या अंतिम सामन्यात असे करणारा तो दुसराच गोलंदाज. आधीचा तमिळनाडूचा बी. कल्याणसुंदरम, १९७२-७३ मधला. यष्टिरक्षक अक्षय वाडकरने १३३ धावांचे पहिले प्रथम श्रेणी शतक ठोकले. दिल्ली २९५ आणि २८०, विदर्भ ५४७ आणि १ बाद ३२. १ जानेवारी २०१८ रोजी विदर्भाने नऊ गडी राखून करंडक जिंकला.

या यशात पंडितांचा वाटा नाकारण्यात अर्थ नाही. पण मुंबईकर प्रशिक्षक विदर्भात आधीही आले होते, हे लक्षात ठेवले की प्रश्न बदलतो. आधीच्यांच्या वेळी जे जमले नाही ते यांच्या वेळी का जमले? आधी काही जमलेच नव्हते असेही नाही. २०१४-१५ आणि २०१५-१६ या दोन्ही हंगामांत विदर्भ उपांत्यपूर्व फेरीत पोहोचला होता. संघटनेची निवासी अकादमी मुलांना तयार करत होती. भारताचे माजी गोलंदाज सुब्रतो बॅनर्जी तिथे वेगवान गोलंदाज घडवत होते आणि २०१७-१८ मध्ये ते रणजी संघासोबतही होते. भारताकडून एकदिवसीय सामने खेळलेले नागपूरचेच प्रशांत वैद्य क्रिकेट विकासाचे काम पाहत होते. वसीम जाफर २०१५-१६ पासून संघात मुरला होता.

आणि एक पुरावा असा की तो पाहिल्यावर फार वाद उरत नाही. ज्या महिन्यात थोरल्यांनी रणजी जिंकली त्याच जानेवारी २०१८ मध्ये विदर्भाच्या १९ वर्षांखालील संघाने कूचबिहार करंडक जिंकला. अंतिम सामन्यात अकोल्याच्या अथर्व तायडेने मध्य प्रदेशाविरुद्ध ३२० धावा केल्या. त्या मुलांचे प्रशिक्षक पंडित नव्हते. थोरल्या संघाच्या प्रशिक्षकाच्या एका हंगामातल्या शिस्तीतून कुमार संघ उभा राहत नाही. त्यामागे पाच-सात वर्षांची मशागत लागते. पंडित आले तेव्हा नांगरणी, वखरणी झालेली होती. पेरायचे कधी आणि काय, हे त्यांना उत्तम कळत होते. विदर्भातल्या वाचकाला हे सांगायला नको की मृगाआधी वावर तयार नसेल तर कितीही चांगले बियाणे आणून उपयोग नसतो. प्रशिक्षक बदलावा का, यापेक्षा आपले वावर कोणत्या अवस्थेत आहे हा प्रश्न आधी यायला हवा. चाहत्यांच्या वादात तो जवळजवळ कधीच येत नाही, कारण अकादमीतल्या पंधरा वर्षांच्या मुलाचे नाव कोणाला ठाऊक नसते.

नशिबाचा वाटाही मोजला पाहिजे. ईडन गार्डन्सवर कर्नाटकाने आणखी सहा धावा केल्या असत्या तर विदर्भ अंतिम फेरीत गेला नसता. पंडित तेवढेच चांगले प्रशिक्षक राहिले असते, अकादमी तेवढीच चांगली राहिली असती, आणि टपरीवर मात्र ‘हा मुंबईवालाही तसाच निघाला’ असे बोलले गेले असते. एका चेंडूचा षटकार, एवढेच अंतर.

२०१८-१९ मध्ये करंडक पुन्हा आला. उपांत्य सामन्यात वायनाडला उमेश यादवने केरळचे १२ बळी घेतले. अंतिम सामना घरीच, जामठ्याला, सौराष्ट्राविरुद्ध. आदित्य सरवटेने सामन्यात ११ बळी घेतले आणि विदर्भ ७८ धावांनी जिंकला. जाफरच्या हंगामात हजारावर धावा झाल्या. दोन्ही वर्षी इराणी करंडकही मिळाला. २०१८ च्या इराणी सामन्यात विदर्भाने ७ बाद ८०० वर डाव घोषित केला, त्यांत जाफरच्या २८६.

तिसऱ्या हंगामात, २०१९-२० मध्ये, पंडितच प्रशिक्षक होते आणि विदर्भ उपांत्यपूर्व फेरीतही पोहोचला नाही. प्रशिक्षक हेच यशाचे कारण मानणाऱ्यांना हे वर्ष समजावून सांगता येत नाही. २०२० मध्ये पंडित मध्य प्रदेशाकडे गेले. २०२०-२१ ची रणजी कोरोनामुळे झालीच नाही. २०२१-२२ आणि २०२२-२३ या दोन्ही हंगामांत विदर्भ पुन्हा गटातच अडकला. त्याच काळात, जून २०२२ मध्ये, बंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमवर पंडितांच्या मध्य प्रदेशाने मुंबईला हरवून पहिला रणजी करंडक जिंकला. त्याच मैदानावर १९९८-९९ च्या अंतिम सामन्यात पंडित मध्य प्रदेशाचे कर्णधार होते आणि कर्नाटकाकडून हरले होते. विदर्भात साहजिकच सूर बदलला. ज्यांना बाहेरचा नको होता तेच आता तो परत हवा म्हणू लागले तर नवल नाही. गेलेला प्रशिक्षक नेहमी आहे त्याहून मोठा दिसतो.

पंडितांची आयपीएलमधली वाटचालही हेच दाखवते. कोलकाता नाइट रायडर्स त्यांच्या हाताखाली २०२३ मध्ये सातवे, २०२४ मध्ये विजेते, २०२५ मध्ये आठवे. त्यानंतर दोघे वेगळे झाले. तीन वर्षांत माणूस दोनदा बदलला असे कोणी म्हणणार नाही.

काही वेळा तर प्रशिक्षक बदलण्याचा निकालाशी थोडाच संबंध असतो. विदर्भाचे माजी प्रशिक्षक सुलक्षण कुलकर्णी यांच्याकडे २०२३-२४ मध्ये तमिळनाडूचा संघ होता. सात वर्षांनी तो संघ उपांत्य फेरीत आला. तिथे मुंबईकडून हरल्यावर कुलकर्णींनी नाणेफेक जिंकून फलंदाजी घेण्याच्या कर्णधाराच्या निर्णयावर उघड नाराजी व्यक्त केली. दिनेश कार्तिकने त्यावर जाहीर टीका केली आणि पुढच्या हंगामासाठी एल. बालाजी प्रशिक्षक झाले. गोव्यात एफसी गोवा या फुटबॉल क्लबने ३१ जानेवारी २०२० रोजी प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा यांना काढले तेव्हा संघ आयएसएलच्या गुणतक्त्यात वरच होता. उरलेले सामने क्लिफर्ड मिरांडा यांच्या देखरेखीखाली खेळून क्लबने लीग जिंकली. लोबेरा मुंबई सिटीकडे गेले आणि पुढच्या हंगामात त्या क्लबने लीग आणि अंतिम सामना दोन्ही जिंकले, तोही अंतिम सामना गोव्यातच, फातोर्ड्याला. दोघांचेही भले झाले. चाहत्यांना भांडायला जागाच उरली नाही.

विदर्भाने पुढे घरचा माणूस नेमला. उस्मान गनी विदर्भाकडूनच खेळलेले. २०२३-२४ मध्ये त्यांच्या प्रशिक्षणाखाली संघ उपांत्य फेरीत आला आणि जामठ्यालाच गाठ पडली ती मध्य प्रदेशाशी, म्हणजे पंडितांच्या संघाशी. विदर्भ ६२ धावांनी जिंकला. वानखेडेवरच्या अंतिम सामन्यात मुंबईने ५३८ धावांचे लक्ष्य दिले, विदर्भाने झुंजून ३६८ केल्या आणि १६९ धावांनी सामना गेला. त्यानंतर प्रशिक्षक बदलला नाही, ही नोंद टायगर्सच्या गोष्टीशेजारी ठेवून वाचावी.

२०२४-२५ मध्ये विदर्भाने उपांत्य फेरीत मुंबईला ८० धावांनी हरवले. हर्ष दुबेने हंगामात ६९ बळी घेऊन रणजीतला एका हंगामाचा नवा विक्रम केला, यश राठोडने ९६० धावा केल्या. दोघेही विदर्भाच्या वयोगट संघांतून वर आलेले. अंतिम सामना २६ फेब्रुवारी ते २ मार्च २०२५ या काळात जामठ्याला केरळविरुद्ध झाला. तरुण दानिश मालेवारने १५३, बाहेरून आलेल्या करुण नायरने ८६ आणि १३५ धावा केल्या. कर्णधार होता २०१८ च्या अंतिम सामन्यातला शतकवीर अक्षय वाडकर. २०१७-१८ च्या त्या सामन्यात दिल्लीकडून १४५ धावा काढणारा ध्रुव शौरी आता विदर्भाच्या बाजूने खेळत होता. समोर केरळकडून ७९ धावा काढत होता तो आदित्य सरवटे, सहा वर्षांपूर्वी याच मैदानावर विदर्भाला करंडक मिळवून देणारा गोलंदाज. विदर्भ ३७९, केरळ ३४२. पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीवर विदर्भाने तिसरा रणजी करंडक जिंकला.